दोन नंबर वाढवा

त्या शुक्रवारी दुपारी दोन नंबरच्या भट्टीत एकशे साठ टन वितळलेली काच होती. बर्नरच्या चार जोड्यांपैकी दोन चालू होत्या. छताजवळचं तापमान बाराशे चाळीस अंश. छताच्या विटांमधली सर्वांत मोठी फट अर्धा मिलिमीटर. शेजारची एक नंबरची भट्टी थंड, तिच्या धुराड्यात कबुतरांची तीन घरटी. मागच्या आवारात ताडपत्रीखाली न विकलेल्या बाटल्यांच्या चारशे बारा चळती. कामावर माणसं सव्वीस, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात बाटली नव्हती, कारण चार महिन्यांत कारखान्यातून एकही नवी बाटली बाहेर पडली नव्हती.

ही मोजदाद डिग्रीबाईची. पदार्थविज्ञान शिकून ती आठ महिन्यांपूर्वी इथे भट्टीच्या तापमानावर लक्ष ठेवायला लागली होती. "एक डिग्री कॉलेजची आणि बाराशे भट्टीच्या," असं म्हणत भट्टीचा गॅस सांभाळणाऱ्या गॅसवाल्याने पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव चिकटवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. घरीसुद्धा मावशी रागावली की 'डिग्रीबाई' म्हणायची आणि लाडात असली की 'बाळ'. मावशी याच कारखान्यात बाटल्या तपासायची, मावशीचे यजमान, म्हणजे तिचे काका, भट्टीचे मुख्य कारागीर होते, आणि डिग्रीबाई राहायची त्यांच्याच घरी.

काचेच्या भट्टीचं एक विचित्र असतं. मागणी नसली म्हणून ती बंद करता येत नाही. थंड झाली की आतली काच दगडासारखी गोठते, छताच्या विटा आक्रसून तडकतात, आणि मग ती परत सुरू करण्यापेक्षा नवी बांधलेली स्वस्त पडते. त्यामुळे मंदी आल्यापासून दोन नंबरला नुसतंच गरम ठेवलं होतं. उत्पन्न शून्य आणि गॅस मात्र रोजचा. पांढरा हत्ती म्हणतात तो हाच, फक्त हा लाल होता.

हा हत्ती पोसत होते 'पलीकडचे'. पाच वर्षांपूर्वी एका परदेशी गुंतवणूक कंपनीने हा कारखाना विकत घेतला होता. त्यांचे चेहरे कुणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांच्या आणि कारखान्याच्या मधे एकच माणूस होता, दुभाषी, आणि तोही फोनवरच भेटायचा. म्हणून डब्याच्या सुट्टीत विषय एकच असे.

"पाहुणा तीन दिवस गोड," गॅसवाला म्हणायचा. "हे पाच वर्षं राहिले. आता उठतील, आणि जाताना गादीसुद्धा नेतील."

"मंदीत उठत नाहीत," डिग्रीबाई म्हणाली होती.

"तुला कोण सांगून गेलं?"

कुणी सांगून गेलं नव्हतं. तिने विचारून काढलं होतं. या औद्योगिक वसाहतीत परदेशी लोकांनी विकत घेतलेल्या अकरा कंपन्या होत्या. रोज संध्याकाळी एकेका फाटकावर थांबून तिने पहारेकऱ्यांना, हिशेबनिसांना, जुन्या कामगारांना दोनच प्रश्न विचारले होते: कधी घेतली, कधी विकली. चांगल्या दिवसांत घेणारे चारेक वर्षांत नफा खिशात घालून मोकळे झाले होते. मधे मंदी आली तिथे मात्र मुक्काम सात-आठ वर्षांवर गेला होता, कारण पडत्या भावात विकायचं कुणाच्याही जिवावर येतं. अकरापैकी नऊ कंपन्यांत हे असंच झालं होतं. उरलेल्या दोन कंपन्यांना कुलूप लागलं होतं.

"नऊ," ती म्हणाली होती.

"आणि दोन," काका म्हणाले होते आणि डबा बंद केला होता.

तर त्या शुक्रवारी चार वाजता नियंत्रण खोलीतला फोन वाजला तेव्हा ती तिथे एकटीच होती. पलीकडे दुभाषी. आवाज तुटत होता, पण वाक्यं तिने नीट ऐकली.

"निर्णय झालेला आहे. दोन नंबर अठरा महिने वाढवा. सोमवारी आमचा माणूस येईल, त्याला भट्टी पाहू द्या."

फोन कटला. डिग्रीबाई जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन ओलांडत खाली धावली. काका बर्नरजवळ उभे होते आणि तिथे पंख्यांचा आवाज एवढा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका, निर्णय आला! दोन नंबर वाढवा म्हणाले, अठरा महिने! सोमवारी माणूस येतोय बघायला!"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "असंच म्हणाले?"

"शब्द न् शब्द!"

"बरं." त्यांनी हातमोजे काढले आणि बाहीने डोळे पुसले. भट्टीपाशी सगळ्यांचेच डोळे पाणावतात, त्यात तिला काही नवल वाटलं नाही. "तू जा घरी. मावशीला सांग, मी आज येत नाही. इथं काम निघालं."

ती शीळ घालत घरी गेली. मावशी शेजारणीकडे गेली होती. डिग्रीबाईने ओट्यावर निरोप लिहून ठेवला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

शनिवारी सुट्टी. ती उठली तेव्हा बारा वाजून गेले होते, ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर तिचा कामावरचा निळा ॲप्रन, धुतलेला आणि घडी घातलेला. मावशी त्या घडीवरून हात फिरवत होती, नुसताच.

"चहा टाकू, मावशी?"

"टाक. साखर बेतानं. आता सगळंच बेतानं."

"आता कशाला? अठरा महिने तरी घोर नाही."

मावशीने मान वर केली. "कुणाला घोर नाही?"

"आपल्याला. भट्टी वाढवली ना!"

"वाढवली," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "सकाळी फोन आला होता त्यांचा. धड बोलवेना. अख्ख्या हयातीत हा माणूस माझ्यासाठी कधी रात्र जागला नाही, त्या भट्टीसाठी किती जागला असेल याला हिशेब नाही. तिला स्वतःच्या हातानं वाढवावी लागली त्यांना. आणि तू शीळ घालतेस? शिकलीस ती एवढंच शिकलीस?"

"अगं, पण वाढवली म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे? दुकान वाढवतात, बांगडी वाढते, तशी भट्टी वाढवली. विझवली म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही."

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. डिग्रीबाई त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, 'एक नंबर वाढवली म्हणता, म्हणजे किती टनांची केली?' आणि सगळा कारखाना आठवडाभर हसला होता. गॅसवाला अजून अधूनमधून विचारायचा, 'काय डिग्रीबाई, टोपी वाढवली का डोक्यावरची?' भट्टीवर 'बंद' आणि 'विझली' हे शब्द कुणी उच्चारत नाही, 'वाढवली' म्हणतात, हे तिला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. काल फोनवर तिला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं, आणि ते तिने शब्द न् शब्द जाऊन काकांना सांगितलं होतं.

"मावशी, त्यांना मुदत वाढवायची होती," ती म्हणाली. "मुदत!"

"असं म्हणाले ते? मुदत?"

मुदत हा शब्द दुभाष्याने उच्चारला नव्हता.

तिने काकांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. भट्टीवर असताना तो कपाटात असायचा. तिने चपला पायात सरकवल्या आणि सायकल काढली. रस्त्यावर निम्म्या दुकानांची शटरं खाली होती. एकावर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी इतकी जुनी झाली होती की तिच्यावर दुसऱ्याच कुणाची जाहिरात चिकटवलेली होती. पुलाच्या चढावर साखळी उतरली. तिने ती काळ्या हातांनी बसवली आणि परत पायडल मारायला लागली. बावीस तासांत बाराशे चाळीसचं किती झालं असेल, याचं गणित ती पायडलबरोबर करत होती, आणि दर वेळी उत्तर कमीच येत होतं.

फाटकातून आत शिरल्यावर आधी जाणवली ती शांतता. मोठे पंखे बंद होते. कबुतरांचं घुमणं ऐकू येत होतं.

नियंत्रण खोलीत काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, पापण्या सुजलेल्या. गॅसवाला खिडकीला टेकून उभा होता. पडद्यावर आकडा होता ७९४.

"काका, पेटवा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "परत पेटवा. मी चुकीचं सांगितलं. म्हणजे बरोबर सांगितलं, पण... त्यांना मुदत वाढवायची होती."

गॅसवाला म्हणाला, "वरातीमागून घोडं आलं बघा."

"गप रे," काका म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. "बस. पाणी पी. आता काल फोनवर काय ऐकलंस ते सांग. तुला काय वाटलं ते नको."

तिने तिन्ही वाक्यं सांगितली.

"अठरा महिने वाढवा," काका म्हणाले. "म्हणजे मंदी सरेपर्यंत अठरा महिने बंद. आणि सोमवारी माणूस येणार, भंगाराची किंमत करायला. एक नंबरच्या वेळीही त्यांनी असाच एक भंगारवाला पाठवला होता. यात चुकीचं काय आहे?"

"दुभाष्याचं मराठी पुस्तकी आहे, काका. त्याला आपलं 'वाढवणं' कुठून माहीत असणार?"

"त्याला माहीत आहे," गॅसवाला हळू म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "गेल्या महिन्यात फोनवरची बैठक संपताना काय म्हणाला? 'चला, आता दुकान वाढवू या.' आपणच हसलो होतो, साहेब तयार झाला म्हणून."

हे डिग्रीबाईलाही आठवलं. ती खाली बसली.

तिने दुभाष्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. पलीकडे अजून पहाट होती आणि शनिवार होता. आकडा ७८९ झाला होता.

सातशे साठ. या खोलीतल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ होता, भिंतीवरही लाल रंगात लिहिलेला होता. भट्टी त्याच्या वर असेल तर आत सोडलेला गॅस विटांच्या धगीनेच पेट घेतो. त्याच्या खाली गेली की गॅस पेटत नाही, साचतो, आणि मग एखाद्या ठिणगीने सगळा एकदम पेटतो. मग भट्टीचं छप्पर भट्टीवर राहत नाही. एकदा आकडा ओलांडला की बाहेरून खास बर्नर मागवल्याशिवाय पेटवणं नाही, आणि ते यायला आठवडा. आठवड्यात सगळी काच गोठलेली असणार.

"तासाला अठरा अंशांनी उतरतेय," ती म्हणाली. "आणि पेटवायच्या आधी आत राहिलेला गॅस काढायला पंख्यांनी हवा सोडायची म्हणजे एकदम दहा-पंधरा अंश जाणार. म्हणजे दुभाषी उठेपर्यंत थांबता येणार नाही."

"वरून हुकूम आल्याशिवाय मी गॅस सोडू?" काका म्हणाले. "कालचा हुकूमही तोंडीच होता. कुणी आणला? तू. आजचा उलटा हुकूम कोण आणतंय? तूच. उद्या ते म्हणतील, बंद करा सांगितलं होतं, गॅस कुणाच्या बापाचा जाळलात? सव्वीस जणांचा थकलेला पगार मग त्याच गॅसच्या बिलात वळता होईल. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाळ."

ते 'बाळ' म्हणाले, रागावले नव्हते. त्यानेच तिला जास्त वाईट वाटलं.

तिने डोळे मिटले. काय ऐकलं त्यावरून काही ठरत नव्हतं. दोन्ही अर्थ त्याच वाक्यात बसत होते. मग उरलं काय? उरला तो माणूस, ज्याने हे वाक्य पाठवलं. तो काय करेल?

"काका, पलीकडच्यांनी आपल्याला ठेवायला घेतलं का विकायला?"

"विकायला. घेणारा कधीतरी विकणारच."

"मग आज का विकत नाहीत?"

"आज घेणार कोण? पडत्या भावात?"

"म्हणून थांबायचं. चढत्या भावाची वाट बघायची. त्या नऊ जणांपैकी मंदीत सापडलेल्यांनी तेच केलं. पण थांबून अठरा महिन्यांनी विकायचं असेल, तर विकायला हातात काहीतरी राहायला नको का? गोठलेली भट्टी कोण घेईल? ज्याला थांबायचंय तो भट्टी गरमच ठेवणार. आणि ज्याला भंगार विकायचंय तो अठरा महिने कशाला थांबेल? भंगार आजही भंगार, तेव्हाही भंगार. अठरा महिने आणि बंद, ही दोन्ही एकत्र बसत नाहीत."

गॅसवाल्याने खिडकीवरची पाठ काढली.

"आणि त्या दोन कंपन्या?" काकांनी विचारलं. "कुलूपवाल्या?"

खोटं बोलावं असं तिला एक क्षणभर वाटलं. "त्यांच्या मालकांनी काय विचार केला, मला माहीत नाही," ती म्हणाली. "आपलेही तसेच निघतील. शक्य आहे. मी खात्री देत नाही. पण काका, आपण दोन्हीकडे चुकू शकतो. पेटवली आणि चुकलो, तर दोन दिवसांचा गॅस गेला, परत वाढवता येईल. नाही पेटवली आणि चुकलो, तर मागे फिरायला वाट नाही."

आकडा ७८१ झाला.

"आणि चुकलो तर बोल कुणाला?"

"मला. नोकरी माझी जाईल. तसं लिहून देते."

"मोठी आली लिहून देणारी," काका उठत म्हणाले. त्यांनी गळ्यातल्या दोरीची किल्ली काढली. गॅसच्या मुख्य झडपेला दोनच किल्ल्या होत्या आणि दुसरी तिजोरीत असायची. "किल्ली माझ्या गळ्यात आहे. गेली तर माझी जाईल. ए फुशारक्या, पंखे लाव."

फुशारक्या म्हणजे गॅसवाला. तो केव्हाच जिना उतरून गेला होता.

पंखे सुरू झाले. भट्टीच्या पोटातून हवा निघून गेली आणि आकडे भराभर पडायला लागले. भिंतीत तापमान मोजणारे दोन थर्मोकपल होते, उजवा आणि डावा. हवा थांबवली तेव्हा उजवा ७६८ दाखवत होता आणि डावा ७५७.

"झालं?" गॅसवाला खालून ओरडला. "सोडू?"

"थांब!"

एक सुरक्षित म्हणत होता, दुसरा नाही म्हणत होता, आणि दोघांची सरासरी काढण्यात काही अर्थ नव्हता. सरासरीने गॅस पेटत नाही. तिने हातातला पायरोमीटर उचलला. दुरून उजेडावरून तापमान सांगणारं ते यंत्र घेऊन ती खाली झरोक्यापाशी गेली, काका शेजारच्या मुख्य झडपेपाशी. आतला रंग विझत्या निखाऱ्यासारखा होता. बर्नरच्या तोंडाशी नेम धरला. तिने कोपर गुडघ्याला टेकवलं, श्वास रोखला. एकदा. परत. तिसऱ्यांदा.

"सातशे सहासष्ट," ती म्हणाली. "यंत्राची चूक चार अंशांची. वाईटात वाईट सातशे बासष्ट."

"दोन अंश?" काका म्हणाले.

"दोन अंश. पण आत्ता. एका मिनिटाने नाही."

काकांनी तिला हाताने मागे ढकललं, स्वतःच्या पाठीमागे, आणि किल्ली फिरवली. गॅसचा फूत्कार आला. मग काहीच नाही. तिच्या मनात आलं, त्यांच्या पाठीआड उभं राहून काय फरक पडणार आहे. मग आत 'धप्' झालं, जड आणि बुजलेलं, आणि झरोका पिवळा झाला.

गॅसवाला खाली जमिनीवर बसला आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना. काकांनी झडप पावपट उघडी ठेवली. "हळू," ते भट्टीला म्हणाले, "हळू, बये." एकदम तापवली तर विटा फुटल्या असत्या. वरून छतातून आवाज येत होते. टक्. थोड्या वेळाने परत, टक्. प्रत्येक आवाजाला काकांचा खांदा उडत होता.

संध्याकाळी दुभाष्याचाच फोन आला. तुमचे एकोणीस फोन दिसतायत, काय झालं? काकांनी फोन डिग्रीबाईच्या कानाजवळ आणि आपल्याही कानाजवळ धरला.

"साहेब, काल आपण म्हणालात वाढवा," ती म्हणाली. "काय वाढवा?"

"मुदत वाढवा. अठरा महिने भट्टी गरम ठेवा. विक्री लांबणीवर टाकली आहे. का? तुमच्याकडे दुसरा काही अर्थ होतो का?"

"नाही साहेब," काका घाईघाईने म्हणाले. "तोच होतो."

"सोमवारचा माणूस छत तपासेल. छत अठरा महिने टिकेल असं तो म्हणाला, तरच ही मुदत. नाहीतर कारखाना तुकड्या-तुकड्यांनी विकायचा, असं ठरलं आहे."

"टिकेल म्हणजे काय?" डिग्रीबाईने विचारलं. "शब्द नको, साहेब. आकडा सांगा."

कागद चाळल्याचा आवाज आला. "विटांमधली कुठलीही फट तीन मिलिमीटरच्या आत."

रविवारभर दोन नंबर तासाला बारा अंशांनी तापत गेली. मावशी डबा घेऊन आली आणि परत गेलीच नाही. जिन्यावर बसून राहिली, ॲप्रन घालून. डिग्रीबाई तिच्या शेजारी बसली तेव्हा मावशीने तिचा काळा झालेला हात हातात घेतला आणि म्हणाली, "डिग्रीबाई, इथून पुढं निरोप आणशील तेव्हा अर्थासकट आण." मग पदराने तिची बोटं एकेक करून पुसत बसली.

सोमवारी दहा वाजता तो माणूस आला. उंच, अबोल, पायांत जाड तळाचे बूट. त्याने कुणाशी गप्पा मारल्या नाहीत, चहाला मान हलवून नाही म्हटलं. छतावर टाकलेल्या फळीवरून तो ओणवा होऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. हातात फटी मोजायच्या, वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा होता. फटीत एक पातं घालायचा, मग त्याहून जाड, मग त्याहून. मागे डिग्रीबाई विजेरी धरून होती, खाली काका, गॅसवाला, मावशी आणि बाकीचे माना वर करून उभे होते. पहिल्या कमानीपाशी त्याने एक मिलिमीटर म्हटलं. तिसरीपाशी दीड. सहावीपाशी, म्हणजे शेवटच्या कमानीपाशी, तो बराच वेळ थांबला, एक पातं काढलं, दुसरं घातलं, ते गेलं. त्याहून जाड घालून पाहिलं, ते अडकलं. त्याने ते दाबलं नाही. बाहेर काढलं आणि त्यावरचा आकडा विजेरीच्या उजेडात डिग्रीबाईला दाखवला. मग आधी गेलेलं पातं दाखवलं.

अडकलेलं पातं दोन पूर्णांक नऊ मिलिमीटरचं होतं. गेलेलं, दोन पूर्णांक आठचं.